तिची राहिलेली हळद

माझं तोंड वाईट आहे. कौतुकानं सांगत नाही, आधीच सांगून ठेवते म्हणजे पुढचं ऐकताना कोणी दचकू नये. कशेळ्याच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याशी आमचं घर. पडवी वाढवून मी तिथं घरगुती जेवण सुरू केलं त्याला आता बरीच वर्षं झाली. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची माणसं गाड्या घेऊन येतात, तांदळाची भाकरी आणि गावठी कोंबडी मागवतात, निम्मं ताटात टाकतात आणि हसतमुखानं पैसे देऊन जातात. त्यांना मी कधी म्हटलं नाही की बाबांनो, एका जेवणासाठी एवढं पेट्रोल जाळता, लाज नाही वाटत? जिभेवर आलं तरी गिळलं. जे बोलायचं ते सगळं मी तिला बोलत आले.

ती म्हणजे माझ्याकडे भाकऱ्या करायला येणारी वाडीवरची बाई. ठाकरवाडी आमच्या घरापासून अर्ध्या तासाच्या चढावर आहे. पहिल्यांदा ती आमच्या शेतात लावणीला आली तेव्हा तिच्या काखेत अंगावर पिणारी पोरगी होती. बांधावर छत्रीखाली पोरगी झोपवायची आणि चिखलात उतरायची. हात असा चालायचा की बाकीच्या बायका एक ओळ लावेपर्यंत हिच्या दोन व्हायच्या. पुढं जेवणाचं काम वाढलं तसं मी तिला घरातच घेतलं. वय आमचं दोघींचं सारखंच असेल, पण ती मला वयनी म्हणायची आणि मी तिला नुसतं अगं म्हणायचे.

पहिल्या आठवड्याची मजुरी हातात दिली तेव्हा तिनं थोडे पैसे कमरेच्या पिशवीत टाकले आणि बाकीचे मला परत दिले.

"तुमच्याकडंच ठेवा वयनी. घरी नाय राहत."

घरी राहत नाहीत हे मलाही माहीत होतं. नवरा थोडी घ्यायचा. भांडखोर नव्हता बिचारा, प्यायला की उलट जास्तच मऊ व्हायचा, पण घ्यायचा. आणि वाडीत कोणी अडचण घेऊन दारात उभं राहिलं तर जवळ असताना नाही म्हणायची त्यांच्यात रीतच नाही. म्हणून वाडीवरच्या पुष्कळ बायका कामाच्या घरी पैसे ठेवतात. बँकेत खातं असतं, पण कशेळ्याला जा, रांगेत उभं राहा, अंगठा उमटत नाही म्हणून परत या, त्यात एक दिवसाची मजुरी जाते. त्यापेक्षा वयनीचं कपाट बरं. माझ्या साड्यांखाली तिचा एक डबा होता. किती आहेत हे तिनं कधी विचारलं नाही आणि मी कधी एका रुपयाला हात लावला नाही. हे मी कोणासमोरही छातीवर हात ठेवून सांगेन. पण माझा गुन्हा निराळाच आहे.

ती पैसे मागायला आली की मी विचारायचे, "कशाला?"

तिचे पैसे, तिच्या हाताला चटके बसून आलेले, आणि ते घ्यायला तिला मला कारण द्यावं लागायचं. पोरीला नखाचा रंग घ्यायचाय. धाकट्या पोराला काळा गॉगल पायजे. फोनमध्ये पैसे भरायचेत. मग माझी गाडी सुरू व्हायची. "घरावरची कौलं फुटलीयत आणि पोराला गॉगल? अगं, अक्कल कुठं गहाण टाकलीस? काल त्या कुरकुऱ्याच्या पुड्या घेतल्यास, त्यात पावशेर डाळ आली असती." ती हसायची. "पोरं हायत वो वयनी," म्हणायची आणि पीठ मळत राहायची. कधी मी द्यायचे, कधी नाही द्यायचे. नाही दिले तर दुसऱ्यांदा मागायची नाही.

आणि मी हे सगळीकडे सांगत सुटायचे. पाहुण्यांना वाढता वाढता सांगायचे की ह्या लोकांच्या हातात पैसा टिकत नाही, मी आहे म्हणून हिचे चार पैसे जमलेत. पाहुणे मान डोलवायचे. एक बाई तर म्हणाल्या होत्या, "तुम्ही खरंच किती करता हो तिच्यासाठी!" मला बरं वाटलं. मेलीला लाज कशी वाटली नाही, असं आता वाटतं. मेली म्हणजे मीच.

तर माघ महिना होता. पोरीचं लग्न ठरलं होतं, वैशाखात. तीच ती बांधावर छत्रीखाली झोपणारी. मी आनंदानं दोन साड्या काढून ठेवल्या होत्या. सकाळी चुलीपुढं बसल्या बसल्या ही म्हणाली, "वयनी, मला सगळे पैसे लागतील आता."

"पोरीच्या लग्नाला ना? देते की."

"पोरीच्या पन. आनि आमची बी हळद करायचीय."

"आमची म्हणजे?"

"माजी आनि त्यांची." असं म्हणून तिनं तोंडाला पदर लावला. चाळिशी उलटलेली बाई, नव्या नवरीसारखी लाजली.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. वाडीत पुष्कळदा पोरगा-पोरगी एकमेकांना पसंत पडली की एकत्र राहायला लागतात. घरची माणसं हो म्हणतात आणि संसार सुरू होतो. लग्न मात्र पैसे जमले की. वाडीला जेवण घालायचं, वाजंत्री आणायची, हळद लावायची, हे सगळं कधी दोन वर्षांनी होतं, कधी वीस वर्षांनी. तोवर कोणी नावं ठेवत नाही. पोरं होतात, मोठी होतात, सगळं रीतीनं चालतं. हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच मला वाटलं की त्या लग्नाला तसा काही अर्थ नाही, असलं तर असलं, नसलं तर नसलं.

मी हसले. नुसती हसले नाही, पोट धरून हसले. पडवीत आमचे हे पेपर वाचत बसले होते, त्यांना हाक मारून सांगितलं, "अहो ऐकलं का, हिला आता नवरी व्हायचंय! पोरीच्या आधी आईची वरात!" बाजूला भांडी घासणारी पोरगी होती, तीही हसली. हिनं पदर तोंडावरून काढला आणि भाकरी उलटली.

"काय काय करणार?" मी विचारलं.

"काय नाय. मला एक हिरवं लुगडं. त्यांना फेटा. वाडीला डाळभात आनि थोडं मटन. आनि बेंजो सांगायचा व्हता."

"बेंजो!"

बेंजो म्हणजे आमच्याकडे हळदीला वाजतो तो ताफा, ढोल-ताशे आणि की-बोर्ड. त्याच्याशिवाय आमच्या भागात हळद होत नाही. माझ्या स्वतःच्या मुलाच्या हळदीला आम्ही दोन बेंजो सांगितले होते, एक अंगणात आणि एक रस्त्यावर. ह्यांनी त्यासाठी फंडातून उचल घेतली होती. त्या दिवशी हिनं चारशे भाकऱ्या केल्या आणि मग हात धुऊन अशी नाचली की माझ्या जावा बघत राहिल्या. ते मला तेव्हा आठवलं नाही. म्हणजे आठवलं असेल, पण ती आमची हौस होती ना. हौस आमची आणि उधळपट्टी त्यांची, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं.

"अगं वेडी का खुळी तू," मी म्हटलं. "वीस वर्षं नांदलीस त्याच्याबरोबर. आता कोणाला दाखवायचीय हळद? गेल्या पावसात रात्रभर भांडी मांडून बसली होतीस ना गळतीखाली? पोरीचं लग्न साधेपणानं कर आणि उरलेल्यातून घरावर पत्रे घाल. लग्नाला पाहुणे येतील ते काय कौलांवरची फाटकी ताडपत्री बघतील?"

एक भाकरी तव्यावर करपली, ती तिनं बाजूला ठेवली. मग म्हणाली, "बरं. तुमी म्हनाल तसं."

मी तरी थांबायचं. नाही. खालापूरला माझ्या भावाचं पत्र्याचं दुकान आहे. त्याला त्याच दिवशी फोन केला. तिच्या डब्यातल्या पैशांत त्यानं खरेदीच्या दरानं पत्रे दिले, टेंपोचं भाडंही घेतलं नाही. टेंपो जाईल तिथपर्यंत गेला आणि पुढं वाडीच्या पोरांनी पत्रे डोक्यावरून वर नेले. निळे चकचकीत पत्रे. मी स्वतः चढून बघायला गेले. तिचा नवरा खाली उभा राहून वर बघत होता. मी म्हटलं, "काय, झालं की नाही झकास?" तो म्हणाला, "झालं वयनी, लय चांगलं झालं." त्याच्या चेहऱ्यावर खोटं काही नव्हतं. पत्रे चांगलेच होते, घर गळत होतं हेही खरं होतं. म्हणूनच तर मला तेव्हा काही कळलं नाही. मी खोटं बोलले असते, पैसे खाल्ले असते, तर कधीतरी पकडली तरी गेले असते.

वैशाखात लग्न होतं. हळद दुपारी होती, मी तीनच्या सुमारास चढून गेले. मांडवात मला प्लास्टिकची खुर्ची दिली, थंडा दिला, एक पोर वारा घालायला उभं केलं. निळ्या पत्र्यांकडं बघत मी ऐटीत बसले होते. बेंजो नव्हता, कोणीतरी मोबाइलवर गाणी लावून स्पीकर जोडला होता. पोरगी पाटावर बसली होती. तिच्या दोन्ही बाजूंना पाट होते आणि तिथं तिचा चुलता आणि चुलती बसली होती. आई-बापानं जे करायचं ते सगळं तेच करत होते.

मला वाटलं, आई येईलच आता. पहिली हळद लागली, दुसरी लागली. ती आली नाही. शेजारी एक म्हातारी बसली होती, तिला विचारलं, "हिची आई कुठंय? पाटावर का नाही बसली?"

म्हातारीनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी दुसऱ्या कुठल्या देशातून आलेय. "त्यांची हळद कुटं झालीय वयनी? आपली हळद झाली नाय तर पोरीच्या हळदीला पाटावर कसं बसनार?"

मी पुन्हा पाटाकडं बघितलं. स्पीकर वाजत होता, बायका गात होत्या.

बाप मांडवाच्या कडेच्या बांबूला टेकून उभा होता. धुतलेला पांढरा शर्ट घातला होता. पोरं हळद घेऊन एकमेकांच्या तोंडाला फासत पळत होती, त्यातल्या एका पोरीनं येता येता त्याच्याही गालाला बोट लावलं. त्यानं चटकन खांद्यावरचा टॉवेल घेऊन ती पुसली आणि कोणी बघितलं का म्हणून इकडं तिकडं बघितलं. मी बघितलं होतं. आजही डोळे मिटले की तेच दिसतं.

ती घरामागं होती, भाताच्या टोपापाशी. डोळ्यात धूर गेलेला, हातात मोठा झारा. मला बघून म्हणाली, "आलाव वयनी? जेवल्याबिगार जायचं नाय हां."

"मला सांगितलं का नाहीस?" मी जवळजवळ ओरडलेच. अपराधी माणूस आधी ओरडतो, तसं.

"काय?"

"की हळद झाल्याशिवाय तुम्हाला पोरीजवळ बसता येणार नाही."

"सांगितलं व्हतं की. आमची हळद करायचीय, बोलले नव्हते का?"

"कारण नाही सांगितलंस!"

ती भात ढवळत राहिली. "तुमी लय हसलाव," ती म्हणाली. "मग मलाच लाज वाटली. म्हटलं खरंच, ह्या वयात काय." तिनं चुलीत लाकूड सरकवलं. "जाऊ द्या. दीर-जाव हायत ना. पोरीला कायी कमी नाय पडलं."

त्यात राग असता तर मी हातापाया पडले असते. रागच नव्हता. मी म्हणाले होते तेच तिला पटलं होतं. पलीकडं तिच्या पोरीला हळद लागत होती आणि ती इथं भात करपू नये म्हणून ढवळत होती. मी मांडवात परत गेलेच नाही, तशीच खाली उतरायला लागले. वाटेत बायका विचारत होत्या, वयनी बरं नाय का? मी म्हटलं, ऊन लागलं.

घरी येऊन मी ह्यांना सांगितलं. म्हटलं, दिवाळीनंतर मुहूर्त निघाले की मी माझ्या पैशानं ह्या दोघांची हळद करते. बेंजो सांगते, सगळ्या वाडीला मटण घालते. हे म्हणाले, "पोरीचं लग्न होऊन गेलं. आता ते तिच्यासाठी करणार की तुझ्यासाठी?" मी तावातावानं भांडले त्यांच्याशी. पण रात्री झोप लागली नाही, कारण ते बरोबर होतं.

तरी मी हट्टानं तिच्या मागं लागले. तुळशीचं लग्न झालं की करू, असं रोज म्हणायचे. ती 'बगू' म्हणायची. नवऱ्याला मात्र ते मनापासून आवडलं होतं. एकदा मागच्या दारी लाकडं टाकायला आला तेव्हा मला हळूच म्हणाला, "वयनी, फेटा लाल घ्यायचा का केसरी?" मी म्हटलं, "तू सांगशील तो." लाल सांगून गेला.

गणपती गेले आणि तो आजारी पडला. आधी ताप, मग डोळे पिवळे झाले. वाडीचा उपाय झाला, मग कर्जतला नेला. तिथून म्हणाले पनवेलला न्या. आम्ही गाडी केली, मी बरोबर गेले. पोटात पाणी झालं होतं. पाच-सहा दिवस काढले त्यानं. पितृपंधरवडा संपायच्या आत गेला, हळद न लागताच. त्या पावसात घरात एक थेंबही गळला नाही. लोक मला सांगत होते, वयनी, तुमच्यामुळं शेवटचा पावसाळा तरी कोरड्यात गेला त्याचा.

बाराव्याला मी तिचा डबाच घेऊन वर गेले. तिच्या पुढ्यात ठेवला. म्हटलं, "हे सगळं तुझं आहे. इथून पुढं तुझ्याकडं ठेव. मला ठेवायचं नाही."

तिनं डबा उघडलाही नाही. म्हणाली, "किती खर्चू वयनी? जेवनाला?"

"मला नको विचारू. तुला वाटेल तेवढा कर."

"नाय, तुमी सांगा. मला नाय कळत त्यातलं."

इतकी वर्षं मी हेच म्हणत होते, हिला कळत नाही. आता ती स्वतः म्हणत होती. आजूबाजूला बायका बसल्या होत्या आणि सगळ्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या, वयनी किती सांगते म्हणून. शेवटी मी आकडा सांगितला. तिनं तेवढाच खर्च केला, डाळभात आणि एक भाजी.

पुन्हा कामावर आली ती महिनाभरानं. भाकऱ्या पूर्वीसारख्याच करते. पैसे परत माझ्याकडंच ठेवते, मी कितीही नको म्हटलं तरी. पण मागत नाही. धाकटा पोरगा आता मोठा झालाय, त्याला काही हवं असलं तर तो मजुरी करून घेतो. मी म्हणते, अगं काहीतरी घे स्वतःला, एखादं लुगडं घे, कानातलं घे. "कशाला वो?" म्हणते. मी तिला जे व्हायला सांगत होते तशी ती झालीय. एक पैसा फुकट घालवत नाही. आणि मला रोज वाटतं, देवा, ही एकदा तरी माझ्याकडं येऊन कुरकुऱ्याला पैसे मागू दे.

ह्या वर्षी पोरीला मुलगी झाली. बारशाआधी आम्ही दोघी कशेळ्याच्या बाजारात गेलो. मीच ओढून नेली, म्हटलं आजी झालीस, नातीला काहीतरी ने. एका टपरीवर लहान मुलांचे फ्रॉक टांगले होते. त्यात एक पिवळा होता, झालरीचा, छातीवर चंदेरी फूल शिवलेला. तिनं तो काढायला लावला. हातात घेतला, उलटा केला, आतून शिवण बघितली, झालर बोटानं सरळ केली. कितीतरी वेळ. कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडावर काहीतरी उमटलं होतं. मी बाजूला सरून उभी राहिले. पैसे तिच्या कमरेला होते, तिचेच होते.

मग तिनं माझ्याकडं बघितलं. "घेऊ का, वयनी?"

"घे गं बाई, घे! मला काय विचारतेस?"

माझा आवाज जरा मोठाच निघाला असावा. तिच्या तोंडावरचं ते गेलं. तिनं फ्रॉक खाली ठेवला.

"नको," ती म्हणाली. "चार महिन्यांत लहान व्हनार. उगा फुकट जायचं. त्यापरीस एक टॉवेल घेते, टिकंल."

दुकानदारानं माझ्याकडं बघितलं. एका क्षणात पैसे काढून मी तो फ्रॉक घेऊ शकले असते. पण तेही परत मीच ठरवल्यासारखं झालं असतं. त्यानं फ्रॉक परत हँगरला अडकवला, काठीनं वर टांगला, आणि तिनं टॉवेलांच्या ढिगातला सगळ्यात स्वस्त कुठला ते विचारलं.